दाण्याने पोट भरते, पिलू घडत नाही

(जिल्हा मेळाव्याच्या जोडधंदा सत्रातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सकाळच्या सत्रात कापसाचे झाले, विजेच्या बिलाचे झाले. आता जेवणानंतर पाखरांचा विषय निघाला म्हणजे मागच्या रांगेतली काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर जाणार, हे मला ठाऊक आहे. जाऊ द्या त्यांना. ज्यांच्या परसात खुराडे आहे, पडवीला पिंजरा टांगलेला आहे, त्या बाया इथेच बसल्या आहेत आणि चिठ्ठ्याही त्यांच्याच आल्या आहेत.

चिठ्ठ्या पुष्कळ आहेत, प्रश्न मात्र तीनच आहेत. पहिला प्रश्न: लव्हबर्डची जोडी अंडी घालते, पिले निघतात, पण दहा-बारा दिवसांत मरतात, नाहीतर पाय फाकलेली निघतात, काय करावे? दुसरा: पाखराला उकडलेले अंडे घालावे असे कोणी म्हणतात, ते खरे काय, आणि घालायचे तर किती? तिसरा प्रश्न एका आजीने नातवाकडून लिहून घेतलेला दिसतो: पाखराला अंडे खाऊ घालणे म्हणजे त्याला त्याच्याच जातीचे खायला लावणे, हे पाप नाही का?

तिन्हींचे मिळून उत्तर थोडक्यात सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. दाण्याने पाखराचे पोट भरते. पण त्याच्या अंगात नवे काही घडत असेल, म्हणजे अंडे बनत असेल, पिलू वाढत असेल, जुनी पिसे गळून नवी येत असतील, तेव्हा नुसता दाणा पुरत नाही. त्या दिवसांत अंडे द्यावे. ते पुरते शिजवून द्यावे, टरफलासकट द्यावे आणि मोजून द्यावे. यातली एकही अट सोडली तर फायद्याऐवजी तोटा होतो.

कोणती पाखरे?

आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. तो बजरीगर, मूळचा ऑस्ट्रेलियातला. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. बाजारात ज्याला कॉकटेल म्हणतात तो तुरेवाला पक्षीही ऑस्ट्रेलियातलाच. झेब्रा फिंच तिकडचीच, कॅनरी अटलांटिक समुद्रातल्या बेटांवरची. ही पाखरे कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढत आलेली आहेत. मी बोलतो आहे ते यांच्याबद्दल.

आपल्या रानातला राघू, पोपट, मैना, मुनिया यांची गोष्ट वेगळी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ही पाखरे पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ढोलीतून राघूचे पिलू काढून आणायचे आणि मग त्याला अंडे घालू का म्हणून विचारायचे, हे काही बरोबर नाही. त्याचे त्याच्या आईला कळते. परदेशी जातींतही काहींची नोंदणी वनखात्याकडे करावी लागते. ज्यांना हा जोडधंदा म्हणून करायचा आहे त्यांनी ते आधी विचारून घ्यावे.

उणीव कशाची, हे आधी पाहा

खताचे गणित तुम्हाला मी सांगायला नको. रानात युरियाची पोती कितीही ओता, स्फुरद कमी असेल तर पीक तेवढ्यावरच अडते. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर सगळे पीक ठरते. जर्मनीतल्या लीबिग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा नियम लोकांपुढे मांडला. जमिनीला जो नियम लागू तोच पाखराला लागू.

पिंजऱ्यातल्या पाखराला आपण काय घालतो? राळे. कोणी थोडी बाजरी मिसळतो. राळे काही वाईट धान्य नाही. शंभर ग्रॅम राळ्यात साधारण १२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तांदळापेक्षा पुष्कळ जास्त. पण प्रथिन हे काही एकच द्रव्य नव्हे. ते बऱ्याच घटकांची मोळी आहे. त्यातला लायसिन नावाचा घटक राळे, बाजरी, ज्वारी या सगळ्यांत कमी. म्हणजे मोळी मोठी दिसते, पण बांधायला एक दोरी कमी पडते, आणि जेवढी बांधली जाईल तेवढीच कामाची. दुसरी उणीव चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. शंभर ग्रॅम राळ्यात तो ३० मिलिग्रॅमच्या आसपास. स्फुरद मात्र त्याच्या कितीतरी पट. तिसरी उणीव जीवनसत्त्वांची. ‘अ’ जीवनसत्त्व वाळल्या दाण्यात नावालाच. ‘ड’ आणि ‘ब-१२’ तर नाहीच.

पोट भरले तरी आहार होत नाही, हे जगाला शिकवले तेही पाखरांनीच. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाचा डच डॉक्टर होता. लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात त्याच्या कोंबड्यांना घातला जायचा. कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, उभ्या राहीनात. पुढे स्वयंपाकी बदलला. नवा म्हणाला, लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना देणार नाही. कोंबड्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! स्वयंपाक्याच्या त्या हट्टातून धागा मिळाला, आणि पुढे त्यातून जीवनसत्त्वांचा शोध लागला. १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबड्यांची पोटे पहिल्यापासून भरलेलीच होती. उणीव भाताच्या मापात नव्हती, कसात होती.

पाखरू मोकळे असते तेव्हा काय करते?

आपल्या दारातली चिमणी पाहा. स्वतः वर्षभर दाणे टिपते. सुपातले टिपते, खळ्यावरचे टिपते. पण घरट्यात पिले असली की चोचीत काय घेऊन येते? अळ्या, किडे, नाकतोडे. सुगरणीचेही तसेच. स्वतः दाणे खाणारे पाखरू पिलाला मात्र किडे भरवते, कारण पिलाला हाड, मांस आणि पिसे घडवायची आहेत आणि ते काम दाण्याने वेळेत होणारे नाही. कबुतर अळ्या धरत नाही, म्हणून ते पहिले काही दिवस पिलाला आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार झालेले दुधासारखे द्रव्य पाजते. तेही दाण्याचे नव्हे, प्रथिनांचे आणि स्निग्धाचे.

आता बजरीगर. त्याच्या मुलखात पाऊस ठरलेला नसतो. पाऊस पडला, गवत उगवले आणि कणसात दाणा धरला की थव्याचे थवे तिथे येतात आणि पिले काढतात. त्या वेळी त्यांना मिळतो तो कोवळा, दुधात आलेला दाणा. हुरडाच म्हणा. आपल्या पिंजऱ्यात पाऊस नाही, हुरडा नाही, अळी नाही. बारा महिने तेच कोरडे राळे. पाखरू मात्र बिचारे जोडी लावली की अंडी घालतेच.

ते अंगातून किती काढून देते, त्याचा हिशोब करा. बजरीगर मादी ३० ते ४० ग्रॅम वजनाची. अंडे सुमारे दोन ग्रॅमचे. दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी. पाच धरली तरी दहा-अकरा दिवसांत दहा ग्रॅम. म्हणजे स्वतःच्या वजनाचा चौथा हिस्सा ती अंड्यांत ओतते. मग १८ दिवस उबवणी, मग महिनाभर पिलांना भरवणी. आणि पिले उडतात न उडतात तोच आपण पुन्हा मडके टांगतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईने विचारले आहे की चौथ्या खेपेला मादी अंडे अडून मेली, कोणाची दृष्ट लागली का? बाई, दृष्ट नव्हे. जमिनीला विश्रांती नाही, खत नाही, आणि लागोपाठ पीक घ्यायचे, यातलाच तो प्रकार. वर्षाला दोन खेपा पुरेत. त्यानंतर मडके काढून ठेवा.

अंडेच का? आणि पापाचे काय?

अंड्यात काय असते हे सांगायला प्रयोगशाळा नको. एकवीस दिवस ऊब दिली की त्यातून डोळे, चोच, हाडे, पिसे असलेले जिवंत पिलू बाहेर येते. बाहेरून आत जाते ती फक्त हवा आणि ऊब. म्हणजे पिलू घडवायला लागते ते सगळे त्या डबीत आधीच भरलेले आहे. अंड्यातल्या प्रथिनांची मोळी इतकी नेटकी बांधलेली, की दुसऱ्या अन्नातल्या प्रथिनांचा कस मोजताना बराच काळ अंडे हेच माप धरले गेले. राळ्याला जी दोरी कमी पडते ती अंड्यात आहे. बलकात ‘अ’, ‘ड’ आणि ‘ब-१२’ आहेत. म्हणून थोडे अंडे दाण्याबरोबर गेले की दाण्यातल्या प्रथिनांचेही चीज होते. अंडे दाण्याच्या जागी द्यायचे नाही, दाण्याबरोबर द्यायचे आहे.

आता आजीचा प्रश्न. आजी, पिलू अंड्यातून बाहेर पडण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत उरलेला बलक पोटात ओढून घेते. बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी नसले तरी ते त्या बलकावर तगते. हॅचरीतून एक दिवसाची पिले खोक्यात घालून दूरच्या गावी पाठवतात ती याच भरवशावर. म्हणजे जगातल्या प्रत्येक पाखराचा पहिला घास अंड्याचाच असतो. निसर्गाने जो घास आधीच भरवला आहे तोच आपण अडचणीच्या दिवसांत पुन्हा भरवतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अंड्यांत कोंबड्याचा संबंध नसतो; त्यातून पिलू कधी निघणारच नव्हते.

तरीही काही घरांत माळ आहे. अंडे घरात येत नाही आणि येऊही नये, असे ज्यांना वाटते त्यांच्या मनाविरुद्ध मी काही सांगणार नाही. त्यांनी मोड आलेली मटकी, मूग, भिजवलेला आणि ठेचलेला हरभरा, शेवग्याचा आणि मेथीचा पाला, किसलेले गाजर द्यावे. डाळीच्या प्रथिनात लायसिन भरपूर असते, म्हणून धान्याची उणीव ती बरीच भरून काढते. आपण भाकरीबरोबर वरण खातो त्यात हेच शहाणपण आहे. अंड्याइतके सगळे एका जागी मिळणार नाही, पण नुसत्या राळ्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

टरफल फेकू नका

सगळ्यांत मोठी चूक होते ती इथे. अंडे उकडतात, टरफल उकिरड्यावर टाकतात आणि आतले तेवढे पाखराला घालतात. आतल्या भागात प्रथिने आहेत, पण चुना फार थोडा. शंभर ग्रॅमला ५० मिलिग्रॅमच्या आसपास. स्फुरद त्याच्या तिप्पट-चौपट. दाण्यात आधीच स्फुरद जास्त आणि चुना कमी. त्यावर नुसता बलक आणि पांढरे घातले तर हिशोब आणखी बिघडतो.

मग कोंबडीच्या पिलाची हाडे घडतात कशाने? टरफलाने. उबवणीच्या दुसऱ्या निम्म्यात आतले पिलू टरफलातला चुना विरघळवून आपल्या हाडांत घेते. म्हणून तर उबवलेल्या अंड्याचे टरफल ताज्यापेक्षा ठिसूळ लागते. टरफल म्हणजे नुसते वेष्टन नव्हे, ते पिलाचे चुन्याचे कोठार आहे. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. आतल्या सगळ्या भागात मिळून त्याचा पन्नासावा हिस्साही भरणार नाही.

टरफल उकळलेले असावे. उन्हात वाळवा, तव्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटे परता, काळे करू नका. मग खलबत्त्यात रव्याइतके बारीक कुटा. चिमूटभर अंड्याच्या खाण्यात मिसळा आणि उरलेले वेगळ्या वाटीत पिंजऱ्यात ठेवा. पाखराला लागेल तेवढे ते आपण होऊन टिपते. किनारपट्टीला समुद्रफेस मिळतो, तोही चालतो. इतर ठिकाणी काष्ठौषधीच्या दुकानात विचारावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चुना पोटात गेला म्हणजे हाडात गेला असे नाही. त्याला ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने तयार होते. अंधाऱ्या खोलीत, नाहीतर काचेच्या खिडकीमागे ठेवलेल्या पाखराला त्या उन्हाचा उपयोग नाही. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास थेट मिळाले पाहिजे. निम्मा पिंजरा सावलीत राहील असे पाहावे.

पाय फाकलेल्या पिलांचे निम्मे उत्तर यात आहे. उरलेले निम्मे मडक्याच्या तळात. तळ गुळगुळीत असला की पिलाचे पाय घसरतात आणि फाकतात. तळाला लाकडाचा भुसा घाला. अंडे म्हणजे सगळ्या रोगांवरचा अंगारा नव्हे. पिसवा असतील, मडके ओले असेल, पाणी घाण असेल तर दहा अंडी घालूनही पिले जगणार नाहीत.

कधी आणि किती?

आधी कधी ते सांगतो. जोडी लावण्याच्या पंधरा दिवस आधीपासून आठवड्यातून दोनदा. पिले निघाल्यापासून ती स्वतः दाणा फोडू लागेपर्यंत रोज. पिसे गळतीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा. आजारातून उठलेल्या पाखराला चार-आठ दिवस. एरवी, म्हणजे पाखरू धडधाकट, एकटे आणि बसून असेल तेव्हा, पंधरवड्यातून एखादे वेळी दिले तरी पुरे. नाही दिले तरी चालेल, पालेभाजी मात्र द्यावी.

माप असे. बजरीगरच्या एका जोडीला एक लहान चमचा. फिंच आणि कॅनरीच्या जोडीला अर्धा. कॉकटेलच्या जोडीला दोन. पिले असली तर पिलांच्या मानाने वाढवा. तासाभरात वाटी स्वच्छ होईल इतकेच.

चमचाभर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. हिशोब करा. पाखरू ३५ ग्रॅमचे. त्याच्या वाटणीला आलेला अर्धा चमचा अडीच ग्रॅमचा. म्हणजे वजनाचा चौदावा हिस्सा. पन्नास किलोच्या माणसाला त्या मानाने साडेतीन किलो अंडी होतील, सत्तर-ऐंशी गावठी अंडी! पाखराची भूक त्याच्या वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा मोठी असते हे खरे, तरी माप किती जपायला हवे हे यावरून कळावे. कौतुकाने अख्खे अंडे पिंजऱ्यात ठेवणाऱ्याचे पाखरू सुरुवातीला गुटगुटीत दिसते. मग काळजावर चरबी चढते, उडताना धाप लागते आणि एक दिवस तळाशी पडलेले सापडते. दुसराही एक धोका आहे. अंड्याचा खुराक मिळाला की मादीला वाटते, सुगी आली, अंडी घालावी. एकट्या मादीला रोज अंडे घातले तर ती नराशिवायही अंडी घालत सुटते आणि झिजते. म्हणून पिले मोठी झाली की खुराक बंद.

शिजवण्यात हयगय नको

पाण्याला उकळी आल्यावर अंडे १२ ते १५ मिनिटे उकळा. बलक पुरता घट्ट झाला पाहिजे. कच्चे किंवा अर्धे कच्चे अंडे पाखराला कधीही देऊ नये. याला दोन कारणे आहेत.

एक, कच्च्या पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचे द्रव्य असते. ते बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. शिजवले की त्याचा जोर मोडतो.

दुसरे कारण रोगाचे. साल्मोनेला नावाचे जंतू टरफलावर असतात, कधी आतही असतात. आणि बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला हा रोग आला, तेव्हा कोंबड्यांतली देशातली ती पहिली नोंद होती. लाखांनी कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ साली तो परभणी जिल्ह्यात येऊन गेला. पूर्ण शिजवलेल्या अंड्यात हा विषाणू टिकत नाही. म्हणून उकळण्यात कुचराई नको. आसपास कोंबड्या किंवा कावळे एकाएकी मरू लागले तर बाहेरची अंडी, बाहेरचे ट्रे घरात आणू नका, पिंजरे अंगणातून आत घ्या, आणि गुरांच्या दवाखान्यात कळवा. लपवल्याने रोग थांबत नाही, पसरतो.

उकडल्यावर अंडे कुस्करा. तेवढाच बिनमिठाच्या वाळक्या भाकरीचा चुरा घाला, म्हणजे चिकट होत नाही. थोडी बारीक चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर आणि टरफलाची पूड. मीठ, तेल, तिखट, कांदा, दूध, यातले काहीही नको. सकाळी, दाण्याची वाटी भरण्याआधी द्या. भुकेले असताना नवा पदार्थ लवकर शिवला जातो. पहिले चार-पाच दिवस पाखरू तोंड लावणार नाही. वरून राळे भुरभुरा आणि धीर धरा.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वाटी काढून घेणे. अंडे लवकर आंबते. थंडीत दोन तास, आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक तास, त्यापुढे वाटी पिंजऱ्यात राहता कामा नये. सकाळी अंडे ठेवून बाई निंदायला गेली आणि दिवस मावळता परत आली, तर त्या वाटीत तोवर विष झालेले असते. ज्या दिवशी घरी कोणी थांबणार नसेल त्या दिवशी अंडे देऊच नका.

अंडे ताजे घ्या. पाण्यात सोडले तर तळाला आडवे बसते ते ताजे, तरंगते ते टाकायचे. आजचे तडकलेले अंडे उकडून चालेल. आठवड्यापूर्वी तडकलेले चालणार नाही. खुडूक कोंबडीखालून काढलेली रिकामी अंडी पाखरांना घालण्याची काही ठिकाणी चाल आहे. आठवडाभर उबेत राहिलेल्या अंड्यात जंतू पोसले जातात. ती वापरू नका.

कोंबडीच्या पिलांनाही हेच

ज्यांच्याकडे पिंजरा नाही पण खुराडे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कोंबडी पिले घेऊन बाहेर पडली की आपण काय टाकतो? तांदळाची कणी, नाहीतर बाजरीचा भरडा. पहिल्या आठवड्यात पिलाच्या खाण्यात शंभराला वीस भाग प्रथिने असावीत. कणीत आठही नसतात. पाच-पन्नास पिलांसाठी पिलांचे खाद्य विकत आणणे परवडते. पण खुडूक कोंबडीच्या दहा पिलांसाठी कोण पोते आणतो? तिथे रोज एक उकडलेले अंडे टरफलाच्या पुडीसकट भरड्यात कालवा. आठ दिवसांची आठ अंडी. बाया म्हणतात, आठ अंड्यांचे पैसे गेले. पण त्यामुळे एक पिलू जरी जास्त वाढून बाजारात गेले, तरी त्या एका कोंबड्याच्या पैशात ही आठ अंडी कितीदा तरी परत येतात.

श्रावणात तर अंड्याला गिऱ्हाईक कमी, घरात अंडी साठतात. पडत्या भावात विकण्याऐवजी ती पिलांच्या अंगी लावणे हा व्यवहार आहे, धर्मादाय नव्हे. एवढे मात्र पाळा, की कोंबड्यांना अंडे द्याल तेव्हा ते ओळखू येणार नाही असे बारीक करून द्या. अख्खे किंवा अर्धे टरफल टाकले की कोंबडीला चटक लागते आणि ती आपलीच अंडी फोडू लागते.

शेवटची चिठ्ठी

एक चिठ्ठी मी मुद्दाम मागे ठेवली होती. तिच्यात लिहिले आहे: “एका जोडीला एक चमचा, मग उरलेल्या अंड्याचे काय करायचे?”

गावठी अंड्याचे कुस्करून आठ-दहा चमचे होतात. ज्यांच्याकडे आठ-दहा जोड्या आहेत त्यांना प्रश्न नाही. ज्यांच्याकडे एकच जोडी आहे त्यांच्याकडे जवळजवळ अख्खे अंडे उरते. बाई, घरात पाच वर्षांचे पोर असेल, ते त्याला द्या. घरात सून गरोदर असेल, ती अंडे खात असेल, तर तिला द्या. अंगावर पाजणारी लेक बाळंतपणाला आलेली असेल तर तिला आधी द्या आणि पाखराचा चमचा तिच्या अंड्यातून काढा.

मी हे गमतीने बोलत नाही. आपल्या घरांत अंडे मोजले जाते ते बाजारासाठी. दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरातही लेकरांच्या ताटात अंडे येते ते ट्रेमध्ये तडकले म्हणून. मीठ-मिरची, वह्या, दवाखाना यांचा खर्च त्या अंड्यावर चालतो हे मला माहीत आहे, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण आज आपण एवढा वेळ बसून पाखराचे गणित समजून घेतले. मादी अंडी घालायच्या आधी पंधरा दिवस तिला खुराक हवा. पिलू वाढत असताना नुसता दाणा चालत नाही. लागोपाठ खेपा घेतल्या तर मादी झिजते. हे सगळे तीस ग्रॅमच्या पाखराबद्दल आपल्याला पटले. तीच वाक्ये घरी गेल्यावर एकदा चुलीजवळ बसून स्वतःबद्दल म्हणून पाहा.

आठवड्याच्या बाजाराला जायच्या आधी टोपलीतली दोन अंडी बाजूला काढायची, मग उरलेली मोजायची. मागे ठेवलेल्या त्या दोन अंड्यांत पोराचे, बाळंतिणीचे आणि पिंजऱ्यातल्या जोडीचेही भागते. टरफल मात्र फेकू नका, ते कुटून ठेवा.

बाकीच्या चिठ्ठ्या शेळ्यांच्या आहेत. चहानंतर घेऊ.